गालफुगी आठवते का?

प्रिय गजा,

वर्ष झालं, एक ओळ नाही. चिमीच्या बारशालाही आलो नाही. सोयाबीन सोंगायचं आहे अशी थाप मारली, तेव्हा ते जेमतेम फुलावर होतं. तू शेतकऱ्याचाच पोरगा, तुला कळलंच असेल. तरी तू काही बोलला नाहीस, याचाच मला जास्त राग आला. असो. इकडे सगळे बरे. मायचे गुडघे तसेच.

लिहितोय ते अकरावीतल्या गालफुगीसाठी. हसू नको बे.

मागल्या पंधरवड्यात यवतमाळला डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहत विचारलं, "वयात आल्यावर गालफुगी झाली होती का?" आणि अमरावतीची ती खोली डोळ्यांपुढे आली. तू मला हॉस्टेलभर 'मारुती' करून टाकलं होतंस. गाल उतरायला लागले अन् खाली अंडकोशात सूज आली. चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो. तू दवाखान्यात चल म्हणून भांडलास, मी तुला तुझ्या मायची शपथ घातली. मग रसवंतीवरून रुमालात बर्फ आणायचास. हे जगात तुलाच ठाऊक. सुनीतालाही नव्हतं.

तर शुक्राणूंचा काउंट आला मिलीला 5 मिलियन. खालची मर्यादा 16. हलणारे 42 टक्के तरी हवेत, माझे 20. सोयाबीनची उगवण 70 टक्क्यांखाली गेली तर आपण दुकानदाराच्या डोक्यावर बसतो. मी कोणाच्या डोक्यावर बसू?

डॉक्टर म्हणाले, एका रिपोर्टवर काही ठरत नाही. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. मधल्या काळात तिथल्या नसा फुगल्यात का ते पाहायला सोनोग्राफी, अन् हार्मोनसाठी रक्त. तंबाखूचा खर्रा बंद. आज अकरावा दिवस आहे, घरात सगळ्यांवर खेकसतो.

पण गड्या, झोप उडाली ती आकड्यानं नाही.

तीन वर्षं सुनीता तपासून घेते आहे. पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त, थायरॉइड, अंड्यांचा साठा सांगणारं एएमएच. अंड्याची पिशवी किती मिलिमीटरची झाली ते बघायला दिवसाआड सोनोग्राफी, म्हणजे दिवसाआड एसटी. नळ्या मोकळ्या आहेत का म्हणून रंगाचं औषध सोडून एक्स-रे काढला, त्या दिवशी ती पोट धरून दारव्ह्यापर्यंत उभ्यानं आली. सगळं नॉर्मल. मी दर वेळी बाहेर लिंबाखाली खर्रा घोटत बसायचो.

आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी दोघांच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. माझी सर्वांत सोपी. दोन ते सात दिवस परहेज अन् एक डबी, संपलं. ती चिठ्ठी मी घडी करून पीककर्जाच्या फाइलीत घातली. तिथं कोण बघतं?

सुनीतानं बघितली. नूतनीकरणासाठी सातबारा शोधत होती. काही बोलली नाही, चष्मा पुसून तारीख वाचली अन् चिठ्ठी माझ्या ताटाजवळ ठेवली. म्हणून गेलो बे तपासायला, शहाणपण सुचलं म्हणून नाही. रिपोर्ट सांगितला तेव्हा "बरं" म्हणाली अन् तूर निवडत राहिली. तेव्हापासून बोलते ती फक्त फवारणीचं अन् दुधाचं.

पोरांच्या तान्ह्या पोळ्याला मायनं यंदाही माझा लाकडी बैल तेल लावून देव्हाऱ्यात ठेवला अन् शेजारणीला म्हणाली, "बैल हाये, पन वढाले कोनी नाई. सुनेच्या पोटाचंच काई खरं नाई." सुनीता चुलीपाशी होती. रिपोर्ट माझ्या खिशात होता. मी बैलाच्या चाकाला वंगण दिलं, सांग आता काय म्हणावं मला! मायला सांगायचं म्हटलं की सुनीताच म्हणते, "आता कशाला? तीन वर्षं मी ऐकलं, तुमच्याच्यानं तीन दिवस निभणार नाही." हा टोमणा की काळजी, तेही कळत नाही. तरी दसऱ्याआधी सांगणार आहे.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिमी चालायला लागली असेल. वहिनींना नमस्कार, हे मात्र सांगू नको.

आता कामाचं. डॉक्टरांना सांगायचंय: सूज एकाच बाजूला होती की दोन्ही? मला धड आठवत नाही, तापात होतो. बर्फ तू धरला होतास. लिहून कळव, फोन नको. माय तुझा आवाज ऐकला की स्पीकरवर टाकायला लावते.

तुझा,
मारुती

ता. क. माझी सायकल तूच हरवलीस. ते मी विसरलेलो नाही.