क्रांजीच्या स्मारकावरचं नाव शोधून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

आमचे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इंफाळच्या आघाडीवरून हरिकेन हे लढाऊ विमान घेऊन उडाले ते परतले नाहीत, एवढंच घरात ठाऊक होतं. बाकीचं तुम्ही कागदांतून काढून दिलंत. आभार मानताना तुमची रीतही लिहितो, अशा बेपत्ता वैमानिकांच्या तसबिरी आणखी घरांत आहेत म्हणून.

रंगूनजवळ तौक्यानच्या स्मारकावर त्यांचं नाव का नाही, हे कोडं तुम्ही एका वाक्यात सोडवलंत: ते स्मारक भूदलाचं. कबर नसलेला वैमानिक ब्रह्मदेशात पडला तरी त्याचं नाव सिंगापूरला, क्रांजीच्या स्मारकावर. तिथली नावं २४,००० हून जास्त. त्यात नावाने नव्हे, सेवा क्रमांकाने शोधा, असं तुमचं म्हणणं. बरोबरच होतं. ‘व’ कधी व्ही तर कधी डब्ल्यू, आणि कारकुनाने वडिलांचं नावच आडनाव म्हणून टाइप केलेलं!

पुढे लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारातली एआयआर २७ मालिका, म्हणजे स्क्वाड्रनची (हवाई दलाच्या तुकडीची) दैनंदिनी. फॉर्म ५४० वर महिन्याचा गोषवारा असतो; बहुतेक लोक तिथेच थांबतात. खरा ऐवज ५४१ वर: विमानाचा क्रमांक, वैमानिक, कामगिरी, उड्डाणाची वेळ, उतरल्याची वेळ. आजोबांच्या ओळीत शेवटचा रकाना कोरा. टेहळणीची हरिकेन जोडीने जात, एकाने जमीन बघायची, दुसऱ्याने पाठ राखायची. म्हणून तुम्ही सोबत्याची ओळ आधी वाचलीत. शेवटचं दिसलेलं ठिकाण तिथेच नोंदलेलं होतं.

वेळ वाचतानाही फसगत होते. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ भारतातली घड्याळं तासभर पुढे होती. जागेसाठी आजचा नकाशा कामाचा नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने पाव इंची (पाव इंचाला एक मैल) नकाशे लागतात, इंफाळला ८३ एच क्रमांकाचा, सीमेपलीकडच्या तामूला ८३ एल.

घरातल्या पत्रावर ‘रॉयल’ इंडियन एअर फोर्स आहे. ती उपाधी मार्च १९४५ ची, म्हणजे पत्र नंतरचं, हे तुम्हीच दाखवलंत. आधी ‘बेपत्ता’ आणि महिन्यांनी ‘मृत गृहीत’, असा तो क्रम.

त्यांच्याबद्दल घरी आलेल्या तारेची स्कॅन प्रत सोबत आहे. मागची बाजूही घेतली आहे, टपालाचा शिक्का तिकडेच उमटलाय.

आपले ऋणी,
कुटुंबीय