इकेदाहून, गावं जोडायच्या आधी गावं वसवणाऱ्या रेल्वेबद्दल

इकेदा, ओसाका
२३ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. त्यात तू नव्या मेट्रो स्टेशनबद्दल लिहिलंस, ते वाचल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. चकचकीत जिने, चकचकीत फलाट आणि बाहेर पडलं की समोर गवत. रिक्षा नाही, चहाची टपरी नाही. "उतरून जायचं कुठे, ते कुणी ठरवलंच नाही," असं तू लिहिलंस. पुढे विचारलंस, "तुमच्याकडे खासगी कंपन्या रेल्वे चालवतात, वर नफाही कमावतात म्हणे. ते कसं जमतं? आणि रेल्वेवाल्यांना नाटक कंपनी कशाला लागते?"

उत्तर लांबलचक आहे. पण गेली सहा वर्षं मी रोज ज्या गाडीने जातो तिचीच ही गोष्ट असल्यामुळे कंटाळा न करता लिहितो.

आमच्या गाडीचं नाव हांक्यू. डबे गडद तपकिरी-लाल, पिकलेल्या कोकमाच्या सालीसारखे. आतल्या भिंतींवर लाकडी रेषांची नक्षी, बाकांवर हिरवं मखमली कापड. रंग इतकी वर्षं जवळपास तोच ठेवलाय. ओसाकाच्या मधोमध उमेदा स्टेशन आहे. तिथून कोबे, ताकाराझुका आणि क्योतो असे तीन मार्ग निघतात. तिन्ही मार्गांवरच्या गाड्या पुष्कळदा एकाच क्षणी सुटतात आणि जूसोपर्यंत सहा रुळांवरून शेजारी शेजारी धावतात. पलीकडच्या खिडकीत पेपर वाचणारा माणूस काही मिनिटं आपल्याबरोबर चालतो, मग त्याचा मार्ग हळूच वळतो. मला अजूनही रोज ते बघावंसं वाटतं.

तर हा सगळा पसारा ज्याने मांडला त्याचं नाव कोबायाशी इचिझो. जन्म १८७३, यामानाशी भागातल्या निरासाकीचा. जन्म ३ जानेवारीचा म्हणून नावात एक आणि तीन, 'इचि' आणि 'झो'. मित्सुई बँकेत चौदा वर्षं नोकरी केली आणि १९०७ साली एका नव्या रोखे कंपनीच्या भरवशावर ती सोडून तो ओसाकाला आला. नेमका त्याच वेळी शेअर बाजार कोसळला आणि ती कंपनी जन्मलीच नाही. बायकामुलांसह परक्या शहरात, हातात काम नाही. त्याच सुमारास काही लोक मिनोओ-आरिमा नावाची विजेची रेल्वे काढत होते, पण मंदीमुळे तिचे शेअर कुणी घेईना. ती रेल्वे याने अंगावर घेतली. तीच पुढे हांक्यू झाली.

शेअर कुणी का घेईना, तेही ऐक. दुसऱ्या कंपनीची ओसाका ते कोबे गाडी तेव्हा आधीच धावत होती. तिच्या दोन्ही टोकांना मोठी शहरं, म्हणजे माणसं आयती. या नव्या मार्गाच्या एका टोकाला ओसाका आणि दुसरीकडे काय? मिनोओचा धबधबा, ताकाराझुकाचं छोटंसं गरम पाण्याचं गाव, आणि मधे भातशेती. आरिमाचे नामांकित झरे तर डोंगरापलीकडे, तिथपर्यंत रूळ कधी पोचलेच नाहीत. लोक याला वेड्यात काढत होते.

कोबायाशी मात्र इकेदा ते ओसाका नियोजित मार्गावरून पायी चालला. चालताना त्याला दिसलं की शेतांच्या कडेने जमीन उंच, कोरडी, हवेशीर आहे आणि भाव मातीमोल आहे. रूळ पडले की भाव वाढणार. मग ती वाढ दुसऱ्या कुणाच्या खिशात का जाऊ द्यायची? रूळ टाकायच्या आधीच कंपनीने आजूबाजूची जमीन घेऊन ठेवायची, तिथे घरं बांधायची आणि त्या घरांतली माणसं रोज आपल्याच गाडीने कामाला न्यायची. तुझ्या पत्राचं उत्तर मला या पायपिटीत सापडतं, सुध्या. त्याने प्रवासी गृहीत धरला नाही, प्रवासी कुठून आणायचा ते आधी ठरवलं.

१९०८ साली त्याने 'सर्वांत होतकरू रेल्वे' अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका काढून वाटली. सगळी प्रश्नोत्तरांच्या रूपात होती: पैसा कुठून येणार, नफा कसा होणार. पुढच्या वर्षी दुसरी, त्यात ओसाकाच्या लोकांना साद घातली होती की धुराने काळवंडलेल्या आभाळाखाली राहता आहात, जरा मोकळ्या हवेत या. तेव्हा ओसाका गिरण्यांचं शहर होतं. गिरणगावात वाढलेल्या तुझ्या बाबांना यातलं वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

१० मार्च १९१० रोजी गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी इकेदाच्या मुरोमाचीत घरं विकायला निघाली. सुमारे १०० त्सुबो जमीन, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतीन हजार चौरस फूट. त्यावर दुमजली घर, किंमत २५०० येन. पाचवा हिस्सा आधी भरायचा, उरलेले दहा वर्षांत महिन्याला २४ येन. पगारदार माणसाने हप्त्यावर घर घ्यायचं ही तेव्हा जपानात नवलाई होती. मी राहतो ती खोली मुरोमाचीपासून पाच मिनिटांवर आहे. जुनी घरं आता फारशी उरली नाहीत, पण गल्ल्या तशाच सरळ आहेत आणि मधे कुरेहा देऊळ आहे. रविवारी तिथून चालताना मला हटकून डोंबिवली आठवते. गाडीच्या वेळेवर घड्याळ लावणारी माणसं, तीच.

आता नाटकाचं. ताकाराझुकाला माणसं यावीत म्हणून कंपनीने १९११ मध्ये नवं स्नानगृह बांधलं आणि लगेच शेजारी बंदिस्त जलतरण तलाव. तलाव सपशेल फसला. पाणी गार पडायचं आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहायला मनाई होती. मग कोबायाशीने तलावावर फळ्या टाकल्या. तलावाच्या जागी प्रेक्षक बसले आणि कपडे बदलायच्या खोल्यांचा रंगमंच झाला. १९१३ मध्ये सोळा मुली निवडून गाणं-नाच शिकवायला घेतलं, १ एप्रिल १९१४ रोजी पहिला प्रयोग. तीच आजची ताकाराझुका मंडळी. सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात, पुरुषांच्याही. आणि त्याच १९१३ साली आपल्याकडे बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली! तिकडे पुरुष शालू नेसत होते आणि इकडे मुली पुढे सूट घालून नायक होणार होत्या. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप आली नाही. आई असती तर पहिल्यांदा तिला फोन केला असता.

सकाळी गाड्या उमेदाकडे भरून जातात आणि उलट्या दिशेने रिकाम्या येतात, हे दुखणं तुमच्या-आमच्या लोकललाही आहे. कोबायाशीने उलट्या दिशेलाही माणसं मिळतील अशी सोय केली. नाटक आणि झरे त्यासाठीच. कोबेतली क्वानसेई गाकुइन ही शिक्षणसंस्था १९२९ मध्ये निशिनोमियाच्या माळावर हलली, त्या जमिनीच्या व्यवहारातही तो होता. विद्यार्थी चाकरमान्यांच्या उलट दिशेने जाणार, त्याच गाड्या, तेच रूळ.

१९२० मध्ये कोबेचा थेट मार्ग सुरू झाला. तिथे जुनी कंपनी आधीच होती, म्हणून याने जाहिरात दिली की आमची गाडी स्वच्छ, वेगवान, रिकामी आणि खिडकीतून सुंदर देखावा दिसणारी आहे. गाडी रिकामी असल्याची जाहिरात! पण ज्याला बसायला जागा हवी त्याला दुसरं काय सांगायचं?

१९२९ मध्ये उमेदा स्टेशनातच हांक्यू डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. रेल्वे कंपनीने आपल्याच स्टेशनात असं दुकान चालवणं तेव्हा कुठेच नव्हतं. दुकानाच्या दारातून रोज हजारो माणसं तशीही जाणारच, त्यांना वेगळं बोलवावं लागत नव्हतं. वर मोठं भोजनगृह होतं आणि करी-राइस लोकप्रिय. मंदी आली तशी काही गिऱ्हाइकं नुसता भात मागवून टेबलावरचा सॉस त्यावर ओतून खाऊ लागली. दुसऱ्या कुणी त्यांना हाकललं असतं. कोबायाशीने नुसता भात घेणाऱ्यांचं स्वागत आहे अशी पाटी लावली, वर लोणचंही दिलं. आज हे गरीब आहेत, उद्या लग्न करतील, मुलंबाळं घेऊन इथेच जेवायला येतील, असा त्याचा हिशेब. यात धंदा होताच, पण मला त्यात माया दिसते आणि ती खरी वाटते.

सगळंच गोड आहे असं समजू नकोस. १९३६ मध्ये काढलेला बेसबॉलचा संघ १९८८ मध्ये विकला, त्याच्या मैदानावर आता मॉल आहे. ताकाराझुकाचं मनोरंजन उद्यान २००३ मध्ये बंद झालं. २०२३ मध्ये मंडळीतल्या एका तरुण अभिनेत्रीचा मृत्यू झाला आणि वरिष्ठांकडून होणारा छळ उघड झाला. कंपनीने पुढच्या वर्षी माफी मागितली. घर, गाडी, भाजी, करमणूक सगळं एकाच कंपनीच्या हातात असलं की माणसाने तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, हा प्रश्न मला सतावतो. २००६ मध्ये तर कोबेच्या मार्गावरची ती जुनी प्रतिस्पर्धी हांशिन कंपनीही याच समूहात आली.

तरीही तुझ्या स्टेशनाबाहेरचं गवत आठवलं की मला वाटतं, तुमच्या नगररचनेच्या बैठकीत कुणीतरी त्या परिसरात एकदा पायी फिरून यावं. तू जाशील? शनिवारी सकाळी, वही घेऊन. शाळा कुठे लागेल, बाजार कुठे, उलट्या गाडीत कोण बसेल, एवढंच लिहून आण. मला पाठव, मला खरंच वाचायचंय.

एप्रिलमध्ये तू येतोयस हे नक्की ना? ताकाराझुकाची तिकिटं फार आधी संपतात, तारखा लवकर कळव. दुपारी मिनोओला धबधबा बघू, तिथे मेपलची पानं पिठात बुडवून तळतात, ती खाऊ. नाटक बघून येताना उमेदाला सरळ न परतता ताकाराझुकाहून इमाझु मार्गाची गाडी पकडू. स्टेशन सुटलं की लगेच मुको नदीचा पूल लागतो आणि तिथून मागे नाट्यगृह दिसतं. दाराजवळच उभे राहू.

काकूंना साष्टांग नमस्कार सांग. गोडा मसाला अर्धा किलो आण, मागच्या वेळचा संपला.

तुझा,
मकरंद