दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा का दुखतो?

महोदय,
पित्ताशय दुर्बिणीतून काढले म्हणजे दुखणारच नाही, अशा समजुतीने अनेक रुग्ण येतात आणि दुसऱ्या दिवशी उजवा खांदा ठणकू लागला की घाबरतात. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल चिडते. त्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंतून जाते, म्हणून पोटातले दुखणे खांद्यात जाणवते. टाके घालण्याआधी उरलेला वायू नीट बाहेर काढला, तरी त्रास कमी होतो.

छिद्रांच्या जागचे दुखणे वेगळे. तिथे त्वचेपासून पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत ब्युपिव्हाकेन हे जागा बधिर करणारे औषध टोचले तर पहिले काही तास बरे जातात. काम दोन मिनिटांचे, पण घाईगडबडीत राहून जाते! सोनोग्राफीत बघून पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये ब्लॉक (मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन) देता येतो; मात्र जिथून पित्ताशय सोडवले, त्या आतल्या दुखण्याला तो पुरत नाही. म्हणून काही जण औषध थेट यकृताखाली सोडतात. त्याचा गुण मला बेभरवशाचा वाटतो. कुठेही द्या, एकूण मात्रा वजनानुसार मर्यादेतच हवी. जास्त झाली तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

जोडीला पॅरासिटामॉल वेळच्या वेळी दिले की अफूवर्गीय इंजेक्शने कमी लागतात आणि मळमळही आटोक्यात राहते. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा ‘नंतर दुखू नये म्हणून काय देणार?’ हे रुग्णाने सरळ विचारावे.

– एक भूलतज्ज्ञ