कॅमेरा दाराबाहेरच

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

घराला लावायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यावरून बाबांचा आणि दादाचा फोनवर खटका उडाल्याचं आईकडून कळलं. दोघांना वेगवेगळं समजावण्यापेक्षा लिहितेच. दादालाही हेच पाठवतेय.

कॅमेरा हवाच. वरचे फ्लॅट पर्यटकांना भाड्याने जायला लागल्यापासून जिन्यात रोज नवी माणसं, नव्या बॅगा. मध्यरात्री चुकून आपली बेल वाजते आणि आई दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी. त्यात गणेश चवथीला अर्धी बिल्डिंग गावच्या घरी; आपणही फोंड्याच्या फ्लॅटला कुलूप ठोकून सत्तरी तालुक्यातल्या गावी.

पण तो दाराबाहेर. दादाला हॉलमध्ये हवाय, बाबांनी गोळी घेतली का ते त्याला दुबईत बसून दिसावं म्हणून. त्याची काळजी खरी आहे. तरी बाबा बनियनवर पेपर वाचत बसलेत हे मला ऑफिसात मोबाइलवर बघायचं नाही. गोळीचं विचारायला फोन आहे की! आणि बाबांना कायदाच हवा असेल तर कोलकात्याचं प्रकरण दादाला सांगा. एकाच घरातल्या भावांचा वाद होता. सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घरात कॅमेरे चालणार नाहीत, असं तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. दादा तर सोबत राहतही नाही.

खरी पंचाईत समोरच्या मावशींची. कॅमेरा सरळ लावला तर त्यांचं दार उघडताच थेट ओटा दिसणार, बांगडे साफ करत बसलेल्या मावशींसकट. म्हणून तो चौकटीच्या वर, मान खाली घालून बसवायचा: आपलं पायपुसणं, चपलांचं कपाट आणि जिन्याच्या वरच्या पायऱ्या दिसल्या की पुरे. तरी त्यांच्या दाराचा कोपरा येईलच. तेवढ्या भागावर अ‍ॅपमधून काळा चौकोन टाकता येईल असंच मॉडेल घ्या. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद. बसवताना मावशींनाच बोलावून मोबाइलवर चित्र दाखवा. मागाहून कुणाकडून तरी कळलं तर दुखावतील. पॅसेज सगळ्यांचा, तेव्हा सोसायटीलाही आधी दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

पावसात लाइट जातेच, म्हणून कॅमेरा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा. आत मेमरी कार्ड असलं की नेट नसतानाही रेकॉर्डिंग चालतं, आणि कार्ड भरलं की जुनं पुसून नवं साठतं. बसवणारा मुलगा देईल तो पासवर्ड बाबांनी तिथल्या तिथे बदलावा. नवा मला सांगू नका, दादाला तर नाहीच. चवथीला गावी जाल तेवढ्यापुरतं मला अ‍ॅपमध्ये जोडा, परतलात की काढून टाका.

बसवणारा बुधवारी येतो म्हणालाय. पाऊस असला तरी पुढे ढकलू नका, चवथ जवळ आली की कुणी हाताला लागत नाही.

तुमची,
बाय