हातमोजे निवडताना तळव्याची बाजू आधी पाहावी

महोदय,

थंडीचा कडाका वाढला की पहाटे व्यायामाला बाहेर पडणाऱ्यांना ‘कान झाका, हातमोजे घाला’ असा सल्ला सगळीकडून मिळतो आणि वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतही तो दरवर्षी छापून येतो. सल्ला योग्यच आहे. परंतु हातमोजे कोणते घ्यावेत हे कोणी सांगत नाही, त्यामुळे बहुतेक जण रस्त्याकडेच्या स्वेटरवाल्याकडून लोकरीची एक जोडी उचलून मोकळे होतात. नुसते चालायचे असेल तर ती पुरते. ज्यांना उद्यानातील सिंगल बारला लटकायचे असते किंवा उतारावर सायकलचा ब्रेक दाबायचा असतो, त्यांच्या हातात मात्र ती घसरते, म्हणून हे पत्र.

आमच्या नाशिक-निफाड पट्ट्यात हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची नोंद एकाहून अधिक हिवाळ्यांत झाली आहे. अशा सकाळी हाताला थंडी दोन वाटांनी लागते. एक वाऱ्याची. अमेरिका व कॅनडाने २००१ साली स्वीकारलेल्या सूत्रानुसार तापमान ८ अंश असताना ताशी २५ किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेला ते सुमारे ४ अंशांसारखे जाणवते. सायकलस्वार हा वारा स्वतःच्या वेगाने ओढवून घेत असतो. दुसरी थंडी स्पर्शाची. लोखंड लाकडापेक्षा शेकडो पटींनी अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे रात्रभर दवात गारठलेला बार तळव्यातली ऊब पाहता पाहता शोषून घेतो. थंडीपासून बचाव करणाऱ्या हातमोज्यांसाठी युरोपात ईएन ५११ हे मानक आहे, त्यातही हिमकणाच्या चिन्हाखाली या दोन थंडींचे गुण वेगवेगळे दिलेले असतात.

यातूनच निवडीचे सूत्र निघते. लोकर किंवा फ्लीस ऊब देते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. बार घट्ट पकडला की तळव्याकडचे कापड दबते, हवा निघून जाते आणि ऊबही जाते. म्हणजे जाड तळव्याचा फायदा थोडा आणि तोटा बराच. शिवाय अस्तर जितके जाड तितका बार मुठीत अधिक रुंद भासतो, आणि बोटे व मनगट लवकर थकतात. म्हणून ऊब हाताच्या पाठीवर व बोटांवर असावी आणि तळवा पातळ पण चिकट पकडीचा असावा. सायकलस्वाराने पाठीचे कापड वारा अडवणारे आहे की नाही हेही पाहावे. फुंकर मारून ती आतल्या बोटांना लागते का, एवढी परीक्षा दुकानातही करता येते. सिलिकॉनचे ठिपके कोरड्या बारवर चांगले धरतात, मात्र स्वस्त जोडीत ते काही धुण्यांतच निघून येतात. चामड्याचा तळवा टिकाऊ असतो, पण दवाने वारंवार भिजून वाळला की कडक होतो.

माझ्या मते सर्वांत उपयुक्त जोडी खेळाच्या दुकानात नव्हे, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते. शीतगृहात माल हाताळणारे कामगार वापरतात ते विणीचे हातमोजे, आतून मऊ अस्तर आणि तळव्यावर सुरकुत्या असलेल्या रबराचा थर, असे त्यांचे स्वरूप असते. दिसायला ते ओबडधोबड असतात, त्यामुळे मित्रमंडळींत थट्टा होण्याची तयारी ठेवावी. पण ओल्या लोखंडावर त्यांची पकड लोकरीपेक्षा कितीतरी सरस आहे. ज्यांना रबराची ॲलर्जी आहे त्यांनी पॉलियुरेथेनचा थर असलेले घ्यावेत. सुती हातमोजे मात्र टाळावेत, घामाने ओले झाले की ते हात अधिकच गार करतात.

मापाबाबत लोक फार निष्काळजी असतात. घट्ट हातमोज्यात रक्तप्रवाह मंदावतो आणि बोटे बधिर होतात. सैल हातमोज्याचे रिकामे टोक ब्रेकच्या दांडीत अडकते. हातमोजे घालून मूठ आवळावी, छत्रीची दांडी धरून पिळून पाहावी, हेल्मेटची बकल उघडता येते का तेही तपासावे. मनगट झाकेल एवढी लांबी हवीच. अंगात पुरेसे कपडे नसतील तर शरीर आतली उष्णता राखण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते, तेव्हा पातळ शर्टावर महागडे हातमोजे चढवून उपयोग नाही. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी आणि थंडीत ज्यांची बोटे पांढरी पडतात अशांनी डॉक्टरांना विचारूनच गार बारला हात लावावा.

अनेक दुकानांत हातमोजे बंद पाकिटात विकतात आणि ते उघडू देत नाहीत. विक्रेत्यांनी प्रत्येक मापाची एक जोडी तरी ग्राहकांना घालून पाहण्यासाठी बाहेर ठेवावी, अशी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे.

— एक सायकलप्रेमी वाचक, नाशिक