रंगाआधीचं काम

चि. सानिका,

अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींना जमवून डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळातलं डन्जन, म्हणजे भुयारी खोल्यांतली मोहीम, तू स्वतः चालवणार, हे वाचून फार आनंद झाला. मिनिएचर (पात्रांच्या चिमुकल्या मूर्ती, म्हणजेच मिनी) आले, फोमच्या शीट आल्या, आता रंगाच्या बाटल्या उघडायला हात शिवशिवत असतील. पण जरा थांब. या कामातलं बरंचसं बरं-वाईट रंगाचा पहिला थेंब पडायच्या आधीच ठरतं. म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

प्लास्टिकची मिनी उजेडात तिरकी धरून बघ. साच्याचे दोन भाग जिथे जुळले, तिथे एक बारीक रेघ राहिलेली असते. खांद्यावरून, टोपाच्या कडेनं, तलवारीच्या पात्यावरून ती जाते. कटरच्या धारेनं नाही, पात्याच्या पाठीनं हलकेच खरवड. आत्ता ती डोळ्यांत भरत नाही, पण ड्रायब्रश (रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश) फिरवलास की रंग नेमका तिच्यावरच बसतो आणि चेहऱ्याच्या मधोमध पांढरा पट्टा उठतो. रेझिनच्या ओतीव मिनीवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असतो. भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळू दे, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. रेझिन घासायचं तर ओल्या पॉलिश पेपरनं आणि मास्क लावूनच. ती धूळ छातीत जाता कामा नये, इथे मी अजिबात सवलत देणार नाही. चिकटवताना लक्षात ठेव, प्लास्टिकचा सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, दोन्ही बाजू विरघळवून एकजीव करतो. रेझिनवर आणि धातूवर तो काम करत नाही, तिथे सुपरग्लू.

मग प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी फवारायचा थर. आधी सगळीकडून काळा, तो वाळला की फक्त वरून पांढरा, अगदी हलका. प्रकाश कुठे पडतो आणि सावली कुठे बसते ते मिनी स्वतःच दाखवू लागते, आणि पुढचे पातळ रंग त्याच खुणांवर चढतात. दमट हवेत स्प्रे मारू नकोस, पृष्ठभाग खरखरीत होतो.

आता माझ्या आवडीचं, टेरेन, म्हणजे मिनी जिथे उभ्या राहतात त्या फरशा नि भिंती. दाण्यादाण्यांचा पांढरा थर्माकोल नको, तो कापताना कुसकरतो. निळा किंवा गुलाबी, घट्ट विणीचा एक्सपीएस फोम घे. कटरचं पातं नवं हवं. ते आडवं धरून हलक्या हाताचे दोन-तीन फेर मार, एका दमात दाबून कापू नकोस. फरशीच्या रेघा बॉलपेननं दाबून काढ. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा सगळ्या फोमवर फिरव, दगडाचा पोत लगेच उठतो. दोन-चार दगडांचे कोपरे नखानं उडव, एखाद्याला तडा दे. सगळेच झिजवलेस तर एकही जुना वाटणार नाही.

यानंतरची पायरी चुकवायची नाही. काळा ॲक्रिलिक आणि पांढरा गोंद एकत्र करून फोमवर सगळीकडून ब्रशनं लाव, बाजूच्या कापलेल्या कडांवरही. स्प्रेमधल्या द्रावकानं उघडा फोम वितळतो, आणि एखादी कड जरी कोरडी राहिली तरी तिथून तो खचत जातो. या लेपानं फोमला थोडा कणखरपणाही येतो. वाळल्यावर गडद करडा, त्यावर फिका करडा असा ड्रायब्रश कर, आणि काही दगडांना तपकिरी किंवा हिरवट झाक दे. शेवाळ पाणी झिरपतं तिथेच दाखव. भिंतीवर मशाल असेल तर तिच्याजवळचे दगड उजळ ठेव.

मापाबद्दल नीट वाच. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ सालचा खेळ. त्याच्या आजच्या नियमांत पटावरचा १ इंचाचा चौकोन म्हणजे ५ फूट. साधारण माणसाएवढ्या पात्राचा बेस (पायाखालची चकती) २५ मिलीमीटरचा, म्हणजे चौकोनात तो जेमतेम मावतो. आता अर्ध्या इंचाची भिंत तू फरशीच्या वरच बसवलीस, तर कडेचा अख्खा चौकोन निकामी झाला, कारण अर्ध्या चौकोनात कुणीच उभं राहू शकत नाही. म्हणून भिंतीची जाडी फरशीच्या मापाबाहेर धर. काही जण चौकोनच सव्वा इंचाचा आखतात, मलाही तेच पटतं. खेळणाऱ्यांची बोटं आत जायला जागा राहते. भिंती मिनीच्या कमरेपर्यंत पुरे. उंच भिंती फोटोत देखण्या दिसतात, पण पलीकडे बसलेल्या मुलीला आपलं पात्र दिसण्यासाठी सारखं उठावं लागतं, आणि खेळाची लय तुटते.

मिनीच्या रंगकामाबद्दल थोडक्यात. रंग पाण्यानं पातळ करून दोन थर दे, जाड एक नको. डोळ्यांची बुबुळं काढत बसू नकोस. साधारण २८ मिलीमीटरच्या या आकृत्यांची डोकी नि हात मुद्दाम मोठे घडवलेले असतात, कारण त्या हातभर अंतरावरून बघायच्या असतात. खोबणीत गडद वॉश (अगदी पातळ, खाचांत उतरणारा रंग) उतरला की नजर आपोआप येते. सांगाडे एकत्रच रंगव, सगळ्यांना हाडाचा रंग, मग सगळ्यांना तपकिरी वॉश. मात्र प्रत्येकाच्या बेसच्या कडेला वेगळ्या रंगाचा ठिपका दे. ऐन लढाईत कुठला सांगाडा जखमी झाला यावर पाच जणींचा वाद सुरू झाला, की हा ठिपका तुला वाचवेल.

अख्खा किल्ला बनवायला बसू नकोस. दोन खोल्या, एक बोळ, एक दार, एवढं उभं कर आणि त्यावर एकदा खेळून घे. दार मात्र सुटं ठेव, चिकटवू नकोस. खेळताना ते उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे. बोळ किती रुंद ठेवतेस ते फोम कापायच्या आधी मला कळव, आणि दुसऱ्या खोलीत कोण बसलंय तेही. ओगर (धिप्पाड राक्षस) ठेवणार असशील तर त्याचा बेस ५० मिलीमीटरचा असतो. दारातून तो कसा येणार, हे आधी बघायला हवं.

तुझी,
आई