क्युबाची गोष्ट १९५९ पासून सुरू होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला क्युबावरचा लेख वाचला. क्रांतीनंतरची एकपक्षीय राजवट, वृत्तपत्रांची गळचेपी, देश सोडून गेलेले लाखो लोक, याबद्दल लेखकाने जे लिहिले आहे ते खरेच आहे. पण क्रांती जणू मॉस्कोहून आली, हा सूर पटला नाही. १९५३ मध्ये या क्रांतीचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांनी लष्कराच्या मोंकाडा छावणीवर हल्ला केला, तेव्हा क्युबातल्या कम्युनिस्टांनी त्यांच्यावर टीकाच केली होती.

स्पेनविरुद्धचा लढा १० ऑक्टोबर १८६८ ला पेटला. कार्लोस मान्युएल दे सेस्पेदेस या साखर कारखान्याच्या मालकाने आपले गुलाम मुक्त करून बंड पुकारले. अधूनमधून खंड पडला, तरी तीस वर्षे हा लढा विझला नाही. लढ्याचे नेते होजे मार्ती १८९५ मध्ये धारातीर्थी पडले, पुढच्याच वर्षी सेनानी अंतोनियो मासेओ. स्पेन जेरीस आल्यावर, १८९८ मध्ये, अमेरिका युद्धात उतरली. जुलैत स्पॅनिशांच्या ताब्यातले सान्तियागो शहर शरण आले, पण जनरल कालिक्स्तो गार्सिया यांच्या क्युबन सैनिकांना शहरात शिरू दिले गेले नाही. का, तर म्हणे ते सूड उगवतील! स्पॅनिश अधिकारी मात्र आपापल्या जागी कायम. आम्ही रानटी नाही, तुमच्या वाडवडिलांचे स्वातंत्र्यसैन्यही आमच्यासारखेच फाटके होते, असे गार्सियांनी अमेरिकी सेनापती शाफ्टर यांना पत्र लिहून सुनावले. त्या वर्षअखेरीस पॅरिसला तह झाला, तिथे क्युबाचा एकही प्रतिनिधी नव्हता.

१९०२ चे स्वातंत्र्यही अमेरिकेने क्युबाच्या राज्यघटनेत घालायला लावलेल्या प्लॅट दुरुस्तीच्या जोखडासकट आले. अमेरिकेला हवे तेव्हा हस्तक्षेपाचा हक्क मिळाला, ग्वांतानामोचा नाविक तळ मिळाला. दुरुस्ती १९३४ मध्ये रद्द झाली, तळ आजही आहे. उसाची उत्तम जमीन आणि मोठे साखर कारखाने अमेरिकी कंपन्यांकडे गेले. गळीत हंगाम संपला की मजूर उरलेले वर्ष बेकार. १९५२ मध्ये माजी अध्यक्ष बातिस्ता यांनी लष्करी उठाव करून निवडणूकच होऊ दिली नाही. त्या निवडणुकीत कॅस्ट्रो स्वतः उमेदवार होते, हे लेखात यायला हवे होते.

१ जानेवारी १९५९ ला बातिस्ता पळाले. त्या दिवशी कॅस्ट्रो यांनी रेडिओवरून बजावले की, या वेळी मांबी (स्पेनशी लढलेले क्युबन सैनिक) सान्तियागोत शिरणारच. साठ वर्षांपूर्वीचा अपमान लोक विसरले नव्हते. मग मे महिन्यात जमीन सुधारणा कायदा आला. पुढच्या वर्षी सोव्हिएत तेल शुद्ध करायला नकार देणारे तेलशुद्धीकरण कारखाने सरकारने ताब्यात घेतले, अमेरिकेने क्युबाकडून घ्यायच्या साखरेचा कोटा कापला आणि ती साखर सोव्हिएत संघाने उचलली. क्रांती समाजवादी असल्याचे कॅस्ट्रो यांनी जाहीर केले ते थेट १६ एप्रिल १९६१ ला, विमानतळांवरच्या बॉम्बहल्ल्यात मेलेल्यांच्या अंत्ययात्रेत. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या पाठबळावर क्युबन निर्वासितांनी क्युबाच्या बे ऑफ पिग्ज किनाऱ्यावर आक्रमण केले.

१८९८ ते १९०२ या चार वर्षांवर पुरवणीत एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा